नव्या डिटेक्टरला न सापडलेले दहावे नाणे



गेल्या मार्च महिन्यात एका रविवारी, मिस्सा संपल्यावर, आपल्या तरुण मंडळातली चार मुले माझ्याकडे आली आणि म्हणाली, "टीचर, तुमचं नवं मशीन दोन दिवस द्या ना. असीरगडला जाऊन येतो." मी नाही म्हटले. मुले नाराज झाली. दोघांच्या घरून मला फोनही आले, की आमची मुलं काय चोरी करायला निघाली होती का. त्यांना तेव्हा नीट उत्तर देता आले नाही, म्हणून आज लिहिते आहे. एवढा उशीर का झाला, तर मधल्या काळात त्या यंत्राबद्दल मलाच बरेच शिकावे लागले आणि त्यातला एक धडा फार जड गेला.

यंत्र म्हणजे मेटल डिटेक्टर. माझा मावसभाऊ ऑस्ट्रेलियात असतो. तिकडे सुट्टीच्या दिवशी बागेत, समुद्रकाठी पडलेली नाणी शोधण्याचा छंद पुष्कळांना आहे, त्यालाही आहे. त्याने पाच वर्षांपूर्वी त्याचे जुने यंत्र मला दिले होते. बी.ए.ला माझा इतिहास विषय होता, शिवाय आजीच्या डब्यात होळकरांची तांब्याची नाणी होती. महाराज यशवंतराव होळकरांचा चेहरा असलेला १९३५चा अर्धा आणा लहानपणी मी तासन्‌तास हातात धरून बसे. तेव्हापासून नाण्यांचे वेड. जुने यंत्र साधे होते. धातू आला की 'टूं' वाजे. खिळा असो की रुपया, आवाज एकच. यंदा भावाने स्वतःसाठी आणखी नवे घेतले आणि त्याचे आधीचे, म्हणजे माझ्यासाठी नवेच, इंदूरला येताना घेऊन आला. यात पडद्यावर शून्यापासून नव्व्याण्णवपर्यंत आकडे दिसतात, जाड-बारीक आवाज येतात आणि वेगवेगळ्या कामांसाठी वेगवेगळे प्रोग्राम आहेत. घरी आमचे हे म्हणाले, "आता तू खजिना काढणार, मी राजीनामा देऊ का?"

त्याच दिवसांत असीरगडचे प्रकरण झाले. 'छावा' हा चित्रपट १४ फेब्रुवारीला लागला. त्यात सुरुवातीलाच मराठ्यांनी १६८१ साली बुऱ्हाणपुरावर घातलेला छापा आहे. बुऱ्हाणपूर म्हणजे मोगलांचे दख्खनचे दार, तिथे त्यांची टांकसाळही होती. इंदूर-इच्छापूर महामार्गाच्या कामातली माती असीरगडाजवळच्या शेतांत पडली आणि तिच्यात सोन्याची नाणी निघाल्याची आवई उठली. मार्चच्या सुरुवातीला सगळ्या देशाने मोबाइलवर ते दृश्य पाहिले. रात्रीच्या अंधारात शेतभर टॉर्चचे दिवे, हातात कुदळी, चाळण्या आणि काहींच्या हातात मेटल डिटेक्टर. शेवटी पोलिसांना आणि प्रशासनाला लक्ष घालावे लागले.

मुलांचा मुद्दा त्यांच्या परीने बरोबर होता. त्यांच्यातला एक तर मलाच शुभवर्तमान शिकवू लागला. "टीचर, शेतात लपवलेल्या खजिन्याचा दाखला प्रभू येशूनेच दिलाय की." दिलाय, मत्तयच्या तेराव्या अध्यायात. पण तो दाखला मुलांनी पुन्हा वाचावा. त्या माणसाला ठेव सापडली खरी, पण तो ती उचलून रात्रीतून पळाला नाही. होते नव्हते ते विकून त्याने ते शेत विकत घेतले. गंमत म्हणजे तो खजिना शोधत होता असेही तिथे म्हटलेले नाही. शोधणारा म्हणून येतो तो पुढच्या दाखल्यातला मोत्यांचा व्यापारी. असीरगडाला जे चालले होते ते दुसऱ्याच्या शेतात, दुसऱ्याच्या उभ्या बांधावर. दुसऱ्याचे उचलून जमिनीत दडवलेल्या सोन्यारुप्याची गोष्ट बायबलमध्ये आहे, पण ती यहोशवाच्या पुस्तकातल्या आखानाची, आणि तिचा शेवट आपल्याला माहीत आहे.

शिवाय कायदा आहे. १८७८चा भूमिगत निधीचा कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची कोणतीही वस्तू सापडली तर काय सापडले, कुठे, कधी, ते कलेक्टरला लेखी कळवावे लागते. लपवले तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. संरक्षित किल्ल्याच्या हद्दीत परवान्याशिवाय खणता येत नाही. आणि समजा कायदा बाजूला ठेवला, तरी मातीतून उपटलेले नाणे मुके होते. ते किती खोल होते, कोणत्या मडक्यात होते, शेजारी काय होते, हे सगळे कुदळीच्या एका घावात जाते. उरतो तो धातूचा तुकडा, सराफ्यात वजनावर विकायला.

एवढे त्या मुलांना मी तेव्हाच सांगितले होते. त्यांना पटले असे वाटत नाही. "मग मशीन घेऊन करायचं काय?" असे एकाने विचारले. प्रश्न चांगला होता. मी म्हटले, आधी वापरायला शिकू या.

भावाने जाताना बजावले होते, की नवे यंत्र घेऊन थेट बाहेर पडायचे नाही. आधी ओळखीची नाणी घ्यायची, लाकडी पाटावर एकेक ठेवून त्याच्यावरून यंत्राची थाळी फिरवायची, कोणत्या नाण्याला कोणता आकडा येतो ते वहीत लिहायचे. मग तीच नाणी जमिनीत पुरायची आणि शोधायची. मी धर्मशिक्षणाच्या वर्गातली मुले जमवली आणि फादरांच्या परवानगीने चर्चच्या आवारातल्या मागच्या मोकळ्या जागेत दहा नाणी पुरली. लूकच्या पंधराव्या अध्यायातल्या बाईची दहा, तशी आपली दहा. स्टीलचे चार रुपये, स्टीलचे एक दोन रुपयांचे, जुने जाड पाच रुपयांचे, नवे पितळी पाच रुपयांचे, दोन धातूंचे दहा रुपयांचे, ॲल्युमिनियमचे झालरवाले दहा पैसे आणि आजीच्या डब्यातला १९४४चा भोकाचा पैसा. वीतभरापेक्षा खोल एकही नाही. एक चुणचुणीत मुलगी म्हणाली, "टीचर, पैसे पुरून ठेवणारा तर तो आळशी नोकर होता ना?" दुसऱ्याने बेरीज केली, सव्वीस रुपये दहा पैसे. दहाच्या वर गेले, म्हणजे कलेक्टरसाहेबांना कळवायला हवे! असा तो वर्ग चालला होता.

मग शोध. यंत्रात 'नाणी' नावाचा तयार प्रोग्राम होता, मी तोच लावला. चार सापडली, सहा नाहीत. ज्यावर एवढे आकडे उमटतात ते यंत्र स्वतःच पुरलेली नाणी सांगेना. मुले हसू लागली.

कारण समजायला मला दोन रात्री लागल्या. यंत्राची थाळी जमिनीत चुंबकीय लहरी सोडते. धातूत त्यामुळे बारीक विद्युतप्रवाह उठतात आणि त्यांचे उत्तर किंचित उशिराने परत येते. किती उशिराने, त्यावरून यंत्र आकडा ठरवते. तांबे, चांदी यांचे उत्तर एका तऱ्हेचे, लोखंडाचे दुसऱ्या तऱ्हेचे. जमिनीत खिळे, तारा, पत्रे फार असतात म्हणून लोखंडाचा आवाज बंद करून टाकण्याची सोय यंत्रात असते आणि 'नाणी' प्रोग्राममध्ये ती आधीच चालू असते. हे यंत्र बनवणाऱ्यांच्या देशातली नाणी बहुतेक तांब्या-निकेलची, त्यांना ते चालते. आपला रुपया १९९२पासून स्टीलचा आहे, चुंबकाला चिकटणारा. दोन रुपयेही पुढे स्टीलचे झाले. म्हणजे आपल्या रस्त्यावरचे सर्वांत साधे नाणे, जे भाजीवालीच्या गल्ल्यात असते आणि दानपेटीतही असते, त्याला हे महागडे यंत्र खिळा समजून गप्प बसवत होते. यंत्राची त्यात चूक नव्हती. त्याला आधीच सांगून ठेवले होते, की अमुक आवाज ऐकायचाच नाही.

मी सगळे आवाज उघडले. हेडफोनमध्ये बाजार भरला! त्यात मालवा म्हणजे काळ्या पाषाणाचा प्रदेश. या बसाल्टमध्ये आणि त्यापासून झालेल्या काळ्या मातीत लोहखनिज असते, त्यामुळे जमीन स्वतःच कुरकुरत असते. थाळी जमिनीजवळ वरखाली करत करत आधी जमिनीचा हा आवाज यंत्राच्या अंगवळणी पाडावा लागतो, त्याशिवाय पुढचे काही कळत नाही. संवेदनक्षमता कमाल ठेवली की खोलवरचे सापडेल, हीसुद्धा माझी भाबडी समजूत निघाली. वरून विजेची तार जात असेल तर यंत्र नुसते बडबडते, थोडे कमी केले की नीट बोलते. थाळी जमिनीला समांतर आणि सावकाश फिरवायची. आवाज आला की नव्वद अंशात वळून दुसऱ्या बाजूने पुन्हा ऐकायचे. नाणे दोन्हीकडून साधारण सारखेच बोलते, लांबट खिळा दिशा बदलली की आवाज बदलतो. स्टीलचा रुपया या दोन्हींच्या मधला. त्याचा आकडा उड्या मारतो, पण आवाज गोल असतो. गोल म्हणजे काय, हे मला लिहून सांगता येणार नाही. तीसचाळीस वेळा ऐकल्यावर कानाला कळते.

ऐकताना मला त्या बाईच्या केरसुणीचा अर्थ नव्याने लागला. तिने दिवा लावला हे ठीक, पण घर झाडले ते का? कफर्णहूमला उत्खननात निघालेली घरे आपल्यासारख्याच काळ्या बसाल्टची आहेत. फरशी ओबडधोबड, फटीफटींची. अशा अंधाऱ्या घरात नाणे दिसण्याआधी केरसुणीखाली खळकन वाजत असणार. मला वाटते, ती कानाने शोधत होती.

अशा रीतीने नऊ नाणी मिळाली. राहिले फक्त दहा रुपयांचे.

आता इथे लक्ष द्या. दहा नाण्यांत सर्वांत मोठ्याने वाजणारे तेच होते. वहीत त्याचा आकडा पक्का होता. ते सापडणार नाही हे शक्यच नव्हते, म्हणजे ते तिथे नव्हते, म्हणजे कोणीतरी काढले. माझे डोके असे चालले. आणि कोणी काढले हेही डोक्याने त्याच क्षणी ठरवले. आवारात बांधकामावर काम करणाऱ्या एका बाईचा दहा-अकरा वर्षांचा मुलगा आमच्या वर्गाच्या कडेला उभा राहून रोज हे पाहत असे. तो आपल्या वर्गातला नाही, आपल्या चर्चचाही नाही. मी सगळ्या मुलांसमोर त्याला हिंदीत विचारले, "बेटा, तूने लिया क्या?" आवाज गोड ठेवला होता, त्याची आज जास्तच लाज वाटते. तो काही बोलला नाही. त्याने पँटचे दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. एका खिशाला भोक होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची आई आली. तिने दहा रुपयांचे नाणे माझ्या हातावर ठेवले, म्हणाली, "दीदी, हिसाब बराबर," आणि पाटी उचलून कामाला गेली. ते नाणे माझे नव्हते. आमच्या नाण्यावरचे साल वहीत लिहिलेले होते, हे दुसऱ्याच सालचे. मला तिच्यामागे धावायला हवे होते. मी उभी राहिले. नंतर मुलगा यायचा बंद झाला.

महिन्याभराने पहिला पाऊस पडून गेल्यावर मी यंत्राला छोटी थाळी लावून ती जागा पुन्हा तपासत होते. मागच्या भिंतीजवळ जुन्या नळाचा लोखंडी पाइप जमिनीत गाडलेला आहे. लोखंडाचा मोठा तुकडा शेजारच्या नाण्याचा आवाज झाकून टाकतो, याला मास्किंग म्हणतात. पुस्तिकेत ते पहिल्या दहा पानांत दिले आहे, मी वाचलेही होते. पाइपापासून चार बोटांवर, अगदी सावकाश थाळी नेताना, जाड घरघरीच्या कडेला एक बारीक टीप उठली. खुरप्याने माती सारली. आमचे दहा रुपये. मीच पुरताना पाइप बघितला नव्हता.

ज्यांना वाटते की चांगले उपकरण हाती आले म्हणजे चूक होणार नाही, त्यांना मी ग्रॅहम बेलची गोष्ट सांगते. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांना गोळी लागली. शरीरातली गोळी शोधण्यासाठी टेलिफोनवाल्या बेलने धातू ओळखणारे यंत्र बनवले, आजच्या डिटेक्टरचा तो पूर्वज. यंत्र चालत होते. पण बिछान्यातल्या लोखंडी स्प्रिंगांनी गोंधळ केला आणि मुख्य डॉक्टरांनी शरीराची फक्त उजवी बाजू तपासू दिली, कारण गोळी उजवीकडे आहे असे त्यांनी आधीच जाहीर केले होते. गोळी डावीकडे निघाली, शवविच्छेदनात. माझ्या प्रकरणात कोणी मेले नाही, पण भिंतीजवळची बाजू मी तपासली नाही आणि मुलाचे खिसे तपासले, हे तसेच आहे.

दोन्ही नाणी घेऊन मी त्यांच्या खोलीवर गेले आणि मुलाची माफी मागितली, त्याच्या आईसमोर. आई हसली, चहा करते म्हणाली. मुलगा हसला नाही. मी त्याला रविवारी ये म्हटले. तो आला तिसऱ्या रविवारी. माफी मात्र मी वर्गातल्या मुलांसमोर पुन्हा मागितली, कारण विचारले त्यांच्यासमोर होते.

आता तरुण मंडळाच्या प्रश्नाकडे येते. यंत्र घेऊन करायचे काय? इंग्लंडमध्ये सफोक परगण्यात हॉक्सन नावाचे गाव आहे. नोव्हेंबर १९९२मध्ये तिथल्या एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला. त्याने आपल्या मित्राला, एरिक लॉझ यांना, डिटेक्टर घेऊन बोलावले. हातोडा शोधताना लॉझना रोमन काळातली नाणी लागली. थोडी बाहेर काढताच हे साधे नाही हे ओळखून त्यांनी खणणे थांबवले आणि कळवले. पुरातत्त्ववाल्यांनी येऊन सगळे जसेच्या तसे काढले. सुमारे पंधरा हजार नाणी, दागिने, चमचे, ज्या लाकडी पेटीत ते ठेवले होते तिच्या खुणासुद्धा. साडेसतरा लाख पौंडांचे बक्षीस मिळाले, ते त्यांनी शेतकऱ्याबरोबर वाटून घेतले. तो हातोडाही सापडला आणि आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. मला या गोष्टीत पंधरा हजार नाण्यांपेक्षा हातोडा मोठा वाटतो. कोणाचा, कुठे हरवला, हे माहीत असलेली वस्तू शोधायला माणूस निघाला होता. असीरगडाच्या त्या शेतांत कोणाचेच काही हरवलेले नव्हते.

आपल्यात मात्र हरवले आहे. २ नोव्हेंबरला परलोकवासी भाविकांच्या स्मरणदिनी दफनभूमीत गवत काढताना आपल्या एका आजींची लग्नाची अंगठी बोटातून निसटली. सोन्याची, बारीक. आजोबा जाऊन सोळा वर्षे झाली. आजींनी ते कोणाला सांगितले नव्हते, नातीने सांगितले.

फादरांची परवानगी घेऊन आम्ही आतापर्यंत तीन शनिवार गेलो आहोत. कबरींना हात लावायचा नाही, फक्त वाट आणि तिच्या दोन्ही बाजूंचे गवत, आणि दोन बोटांपेक्षा खोल जायचे नाही. अंगठी वरच असणार. सुतळी बांधून पट्टे पाडले आहेत. अडचण अशी, की बारीक सोन्याच्या अंगठीचा आकडा आणि औषधाच्या गोळ्यांच्या चंदेरी पट्टीचा आकडा जवळजवळ एकच येतो. यंत्राला वाहकता कळते, किंमत कळत नाही. पट्ट्या नकोत म्हणून तो आकडा बंद केला तर अंगठीही बंद होते. त्यामुळे वाजेल ते प्रत्येक काढून पाहावे लागते. आतापर्यंत गोळ्यांच्या पट्ट्या आणि बाटल्यांची बुचे मिळून एक पिशवी भरली आहे, स्टीलचे सात रुपये मिळाले ते दानपेटीत टाकले. असीरगडला निघालेल्या चौघांपैकी तिघे येतात. बांधकामावरचा तो मुलगाही येतो, त्याचा कान माझ्यापेक्षा तिखट आहे. हेडफोन एकदा डोक्यावर चढवला की कोणाला देत नाही. बोलतो अजून कमीच.

अठरा पट्ट्यांपैकी अकरा झाले आहेत. येत्या शनिवारी सकाळी सात वाजता बाराव्यापासून सुरुवात करू. येणाऱ्यांनी खुरपे आणि एक जुनी पिशवी आणावी. काढलेला कचरा तिथे टाकायचा नाही आणि उकरलेली माती हाताने दाबून पुन्हा बसवायची आहे.